म्हातारपणाची भाकरी : अमेरिकन कामकऱ्याच्या पेन्शनचा इतिहास

पेन्शन या शब्दाभोंवतीं आपल्या मध्यम वर्गाचें निम्में आयुष्य फिरत आलें आहे. पुण्यास तर 'पेन्शनरांचें गांव' म्हणण्याची चालच पडून गेली होती. तरुणानें नोकरीस लागतांना पगाराबरोबर पेन्शनची चौकशी करावी, मुलगी देतांना तिच्या वडिलांनीं तीच चौकशी पुन्हां करावी, आणि साठी उलटलेल्या गृहस्थानें महिन्याच्या पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसावें, हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला कीं, ही पेन्शन नांवाची वस्तु कोठून आली, तिचा बोजा कोण वाहतो, आणि ती उद्यां मिळेल याची हमी कोण देतो, हे प्रश्न सहसा आपल्या मनांत उठत नाहींत. ज्या राष्ट्रांत हे प्रश्न उठले, न्यायालयांत गेले, निवडणुकींत गाजले आणि अद्यापिही मिटले नाहींत, त्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा या बाबतींतील इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिका म्हटली म्हणजे गगनचुंबी इमारती आणि कोट्यधीश हेच आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु ज्यांच्या हातांनीं त्या इमारती उभ्या राहिल्या, ते कामकरी हातपाय थकल्यावर काय खात होते, हें आम्ही येथें सांगणार आहों.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिका हा बहुतांशीं शेतकऱ्यांचा देश होता. तेथील म्हातारा बाप शेताचा धनी असे. अंगांतील बळ गेलें तरी जमिनीचा कागद त्याच्या हातांत असे, आणि त्या कागदाच्या जोरावर घरांतील त्याचा मान व ताटांतील त्याची भाकरी शाबूत राही. कापडाच्या गिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि आगगाड्या आल्या तेव्हां ही घडी मोडली. कारखान्यांतील मजुराजवळ दोन हातांशिवाय दुसरी मिळकत नाहीं. हात थकले कीं मिळकत संपली. मुलें दूरच्या शहरीं आपापल्या पोटामागें गेलेलीं. अशा निराधार वृद्धांसाठीं बहुतेक परगण्यांतून सरकारी दरिद्रालयें असत. तेथें भिकारी, वेडे, रोगी आणि जन्मभर घाम गाळून थकलेला अब्रूदार मजूर हे सारे एकाच छपराखालीं राहत. त्या घराची पायरी चढण्याची वेळ येऊं नये, एवढीच प्रार्थना कित्येक म्हातारीं माणसें करीत असत.

सरकारनें कोणासही पोसूं नये, प्रत्येकानें स्वतःच्या काटकसरीवर जगावें, हें अमेरिकन लोकांचें आवडतें तत्त्व. पण या तत्त्वाला त्यांनीं स्वतःच एक मोठा अपवाद केला होता. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत उत्तरेकडून लढलेल्या शिपायांना मध्यवर्ती सरकार पेन्शन देत असे, आणि १८९० च्या कायद्यानें ती इतकी सढळ झाली कीं, १८९३ च्या सुमारास मध्यवर्ती सरकारच्या एकंदर खर्चापैकीं दोन-पंचमांश खर्च एकट्या या पेन्शनांवर होत होता. दक्षिणेकडून लढलेल्यांना अर्थातच त्यांतील छदामही मिळाला नाहीं. ही शिपायांची पिढी जसजशी काळाच्या पडद्याआड गेली, तसतशी ही पेन्शनही गेली. लढाईंत गोळी लागलेल्याला जें मिळालें, तें गिरणींत हात तुटलेल्याला कां मिळूं नये, असा प्रश्न कांहीं विचारवंतांनीं केला. पण तो फारसा कोणी मनावर घेतला नाहीं.

खासगी कंपन्यांपैकीं पेन्शनची प्रथा पहिल्यानें सुरू केली ती अमेरिकन एक्सप्रेस या मालवाहतूक कंपनीनें, १८७५ सालीं. पुढें रेल्वे कंपन्यांनीं तिचें अनुकरण केलें. परंतु ही पेन्शन म्हणजे मालकाची मेहेरबानी होती, नोकराचा हक्क नव्हे. संपांत भाग घेतला, मालकाची मर्जी खप्पा झाली किंवा कंपनीचें दिवाळें निघालें, कीं तीस वर्षांची चाकरी पाण्यांत जाई. इकडे जर्मनींत बिस्मार्कनें १८८९ सालीं कामगारांच्या वार्धक्याच्या विम्याचा कायदा केला, इंग्लंडनें १९०८ सालीं वृद्धांस सरकारी पेन्शन देऊं केली. पण अमेरिका आपल्या तत्त्वाला चिकटून बसली.

हें तत्त्व मोडलें तें कोणा तत्त्वज्ञानें नव्हे, तर १९२९ च्या मंदीनें. शेअरबाजार कोसळला, कारखाने बंद पडले, आणि १९३० पासून १९३३ पर्यंत सुमारें नऊ हजार बँका बुडाल्या. १९३३ सालीं दर चार कामकऱ्यांपैकीं एक बेकार होता. या आपत्तींत तरुण निदान उद्यांची आशा धरून बसूं शकत होता, पण साठी गांठलेल्या माणसाचें काय? ज्यानें तीस वर्षें पोटाला चिमटा घेऊन बँकेंत पैसे टाकले, त्याची शिल्लक बँकेबरोबर गेली. 'काटकसर करा, म्हणजे म्हातारपणीं सुखी व्हाल,' या उपदेशावर ज्यांनीं अक्षरशः विश्वास ठेवला, त्यांचीच सर्वांत मोठी फसवणूक झाली.

अशा वेळीं कॅलिफोर्नियांतील लाँग बीच या गांवीं फ्रान्सिस टाउनसेंड नांवाचे सहासष्ट वर्षांचे एक डॉक्टर पुढें आले. १९३३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं स्थानिक वर्तमानपत्रास एक पत्र लिहिलें. त्यांतून जी योजना आकारास आली ती अशी : साठ वर्षांवरील प्रत्येकास सरकारनें दरमहा दोनशें डॉलर द्यावेत; अट एवढीच कीं, त्यानें नोकरी सोडावी आणि ते पैसे महिन्याच्या आंत खर्च करून टाकावेत. म्हणजे म्हाताऱ्यांना भाकरी, तरुणांना मोकळ्या झालेल्या जागा आणि दुकानदारांना गिऱ्हाईक, अशीं तीन कामें एकाच पैशानें होतील! या खर्चासाठीं प्रत्येक व्यवहारावर शेंकडा दोन टक्के कर बसवावा, असें डॉक्टरांचें म्हणणें होतें. या हिशेबानें राष्ट्राच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा हिस्सा लोकसंख्येच्या एक-दशांशाहून कमी लोकांच्या हातीं गेला असता, हें अर्थशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. परंतु भुकेलेल्या माणसाला त्रैराशिक पटत नाहीं. गांवोगांव टाउनसेंड मंडळें निघालीं, लाखों वृद्धांनीं अर्जांवर सह्या केल्या, आणि प्रतिनिधींच्या मेजांवर पत्रांचे ढीग पडूं लागले. दक्षिणेंत लुइझियानाचे ह्यूई लाँग हे श्रीमंतांची संपत्ति वांटून देण्याची घोषणा करून निराळेंच वादळ उठवीत होते. टाउनसेंडचें गणित चुकलें असेल, पण राज्यकर्त्यांना जागें करण्याचें काम त्यानें चोख बजावलें, यांत संशय नाहीं.

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं १९३४ च्या जूनमध्यें एक समिति नेमली आणि तिचें अध्यक्षपद मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्याकडे दिलें. अमेरिकेच्या मंत्रिमंडळांत बसणारी ही पहिली स्त्री. १९११ सालीं न्यूयॉर्कमधील ट्रायँगल नांवाच्या शिवणकामाच्या कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले, तो भीषण प्रकार या बाईंनीं प्रत्यक्ष पाहिला होता, आणि मजुरांच्या कल्याणाचा ध्यास तेव्हांपासून त्यांच्या मनांत ठाण मांडून बसला होता. समितीपुढें सर्वांत मोठी अडचण कायद्याची होती. रूझवेल्ट यांचे कायदे एकामागून एक रद्द करण्याचा धडाका त्या सुमारास सर्वोच्च न्यायालयानें लावला होता. पर्किन्सबाईंनीं पुढें सांगितलेली हकीकत अशी कीं, एका चहापानाच्या प्रसंगीं त्यांनीं ही चिंता न्यायमूर्ति स्टोन यांच्याजवळ बोलून दाखविली, तेव्हां त्यांनीं हळूच सुचविलें कीं, कर बसविण्याच्या अधिकाराचा आधार घ्या, त्यांत सारें बसतें. १९३७ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें ही योजना वैध ठरविली ती याच मार्गानें.

१४ ऑगस्ट १९३५ रोजीं रूझवेल्ट यांनीं 'सोशल सिक्युरिटी' म्हणजे सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. त्यांतील वृद्धांच्या पेन्शनची मांडणी साधी होती. १९३७ पासून पहिल्या तीन हजार डॉलर वार्षिक पगारावर नोकरानें शेंकडा एक आणि मालकानें शेंकडा एक भरावा, आणि पासष्टाव्या वर्षानंतर त्या नोकरास आमरण पेन्शन मिळावी. गरीब मजुराच्या पगारांतून पैसे कापणें अन्यायाचें आहे आणि मंदींत तर तें उघड घातक आहे, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला. अर्थशास्त्राच्या दृष्टीनें तो खरा होता. रूझवेल्ट यांनीं त्यावर दिलेलें उत्तर मात्र राजकारणाचें होतें. ज्यानें स्वतःच्या पगारांतून वर्गणी भरली त्याला आपला हक्क वाटतो, आणि लोकांना जें आपल्या हक्काचें वाटतें तें कोणत्याही पुढाऱ्याला काढून घेतां येत नाहीं, असें त्यांचें मत होतें. पुढील इतिहासानें या मताला पुरता दुजोरा दिला आहे.

तथापि या कायद्याच्या कपाळीं एक मोठा डाग होता. शेतमजूर आणि घरगडी यांना त्यांतून वगळण्यांत आलें. वर्गणी गोळा करण्याची अडचण हें कारण पुढें करण्यांत आलें, आणि तें सर्वस्वीं खोटेंही नव्हतें. परंतु परिणाम असा झाला कीं, त्या काळच्या काळ्या कामकऱ्यांपैकीं बहुसंख्य या छत्राच्या बाहेर राहिले. ज्यांना आधाराची सर्वांत अधिक गरज, तेच उन्हांत! १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनीं हे दरवाजे पुष्कळ अंशीं उघडले, पण मधलीं वीस वर्षें कोणी परत देऊं शकलें नाहीं.

दरमहा मिळणारी पहिली पेन्शन व्हर्मोंट संस्थानांतील आयडा मे फुलर नांवाच्या एका बाईंना मिळाली. वकिलाच्या कचेरींत त्या चिटणिसाचें काम करीत. त्यांनीं तीन वर्षांत वर्गणी भरली होती अवघी २४ डॉलर ७५ सेंट. ३१ जानेवारी १९४० चा त्यांचा पहिला धनादेश होता २२ डॉलर ५४ सेंटचा. बाई शंभर वर्षें जगल्या आणि १९७५ सालीं वारल्या, तोंपर्यंत त्यांना बावीस हजारांहून अधिक डॉलर मिळाले. या एका उदाहरणांत त्या योजनेचें बळ आणि दौर्बल्य हीं दोन्ही दिसतात. हा फंड म्हणजे थेंबे थेंबे सांचविलेलें तळें नव्हे, तो वाहता पाट आहे. आजच्या कामकऱ्यानें भरावें आणि आजच्या वृद्धानें घ्यावें. वरून पाणी येत आहे तोंवर खालचें शेत हिरवें. एकत्र कुटुंबांतही हाच व्यवहार असतो. फरक इतकाच कीं, येथें कुटुंब सबंध राष्ट्राएवढें झालें.

युद्धाच्या काळांत महागाई वाढली आणि पेन्शन मात्र जागच्या जागीं राहिली, तेव्हां १९५० सालीं ती सरासरी ७७ टक्क्यांनीं वाढविण्यांत आली. त्याच वर्षीं डेट्रॉइट येथें जनरल मोटर्स कंपनी आणि वॉल्टर रूथर यांचा मोटार कामगारांचा संघ यांच्यांत पांच वर्षांचा प्रसिद्ध करार होऊन कंपनीच्या पेन्शनला मजुरीच्या अटींत जागा मिळाली. सरकारी पेन्शन, कंपनीची पेन्शन आणि घरची शिल्लक हे तीन पाय असलेली तिवई म्हणजे अमेरिकन कामकऱ्याचें म्हातारपण, असें लोक म्हणूं लागले. त्या काळीं दर तीन कामकऱ्यांपैकीं जवळजवळ एक मजूर संघाचा सभासद होता, हें येथें लक्षांत ठेविलें पाहिजे.

या तिवईचा एक पाय किती पोकळ होता, हें १९६३ च्या डिसेंबरांत कळून आलें. इंडियाना संस्थानांतील साउथ बेंड येथें स्टुडेबेकर बंधूंनीं १८५२ सालीं घोड्यांच्या गाड्या बनविण्याचा धंदा काढला होता. पुढें तेथें मोटारी होऊं लागल्या. एकशें अकरा वर्षांनीं तो कारखाना बंद पडला आणि सुमारें सात हजार लोक बेकार झाले. पेन्शनच्या फंडांत पुरेसा पैसाच नव्हता. ज्यांचीं साठ वर्षें भरलीं होतीं त्यांना पुरी पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ यांच्यामधील सुमारें चार हजार कामगारांना त्यांच्या हक्काच्या अवघ्या पंधरा टक्क्यांइतकी रक्कम हातावर ठेवून निरोप देण्यांत आला. या लोकांचें सरासरी वय बावन्न आणि नोकरी तेवीस वर्षांची होती. बाकीच्यांस कांहींच मिळालें नाहीं. पंचविशींतला मनुष्य दुसरीकडे जाऊं शकतो. बावन्नाव्या वर्षीं कोणता मालक दार उघडतो? हा प्रश्न सुटण्यास आणखी अकरा वर्षें लागलीं. २ सप्टेंबर १९७४ रोजीं, म्हणजे तेथील कामगारदिनीं, अध्यक्ष फोर्ड यांनीं कंपन्यांच्या पेन्शन-फंडांवर नियंत्रण घालणारा आणि बुडालेल्या पेन्शनांसाठीं सरकारी विमा निर्माण करणारा कायदा केला. दरम्यान १९६५ सालीं वृद्धांच्या औषधपाण्याची मेडिकेअर ही योजनाही आली होती.

येथवरची कथा चढणीची आहे. यापुढें उतार लागतो. १९७२ सालीं पेन्शन महागाईशीं बांधण्याचा कायदा झाला आणि १९७५ पासून ती आपोआप वाढूं लागली. हेतु स्तुत्य होता, पण नवीन निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतींत महागाई दोनदां मोजली जाईल अशी चूक त्या सूत्रांत राहिली, आणि ती १९७७ सालीं सुधारावी लागली. तशांत महागाई अशी भडकली कीं, १९८० सालीं एकदम १४.३ टक्के वाढ द्यावी लागली. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनीं महागाई मारण्यासाठीं व्याजाचे दर अतोनात चढविले. महागाई मेली खरी, पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. वृद्धाची शिल्लक वांचविण्यासाठीं तरुणाची नोकरी गेली, असा तो विचित्र पेंच होता. १९८१ च्या ऑगस्टमध्यें संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक विमान-नियंत्रकांना अध्यक्ष रेगन यांनीं बडतर्फ केलें, आणि खासगी मालकांनाही त्यांतून काय तो बोध झाला. १९५० च्या दशकांत एक-तृतीयांशाच्या आसपास असलेली संघांची सभासदसंख्या २०२४ सालीं एक-दशांशाच्याही किंचित् खालीं आली होती.

कर भरणारे बेकार आणि घेणारे वाढते, अशा स्थितींत सामाजिक सुरक्षिततेचा फंड १९८३ सालीं रिता होण्याच्या बेतास आला. तेव्हां दोन्ही पक्षांनीं तडजोड केली. निवृत्तीचें वय पासष्टावरून हळूहळू सदुसष्टावर न्यावें. परंतु तें १९३८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपुरतेंच, आणि पूर्ण सदुसष्ट १९६० पासून पुढें जन्मलेल्यांना. म्हणजे सही करणाऱ्यांनीं आणि त्यांच्या वयस्क मतदारांनीं सुखानें झोंपावें. बोजा पडला तो तरुणांवर आणि शाळेंतील मुलांवर! दुसरी गोष्ट याहूनही सूक्ष्म. पेन्शनवर प्रथमच आयकर बसविला, तो एकट्या माणसाचें उत्पन्न पंचवीस हजार डॉलरांच्या आणि जोडप्याचें बत्तीस हजारांच्या वर असेल तर. पण पेन्शन महागाईबरोबर वाढते आणि ही मर्यादा मात्र वाढत नाहीं. त्यामुळें आरंभीं दहांतील एखाद्यास लागणारा हा कर पुढें सुमारें निम्म्या पेन्शनरांच्या दारीं आला. कायदेमंडळांत कोणी हात वर केला नाहीं आणि कपात मात्र झाली. राज्यकर्ते जें करतात त्याचा गाजावाजा होतो. ते जें करीत नाहींत तेंही धोरणच असतें, हें यावरून ध्यानीं यावें. किमान वेतनाचेंही तसेंच आहे : मध्यवर्ती कायद्यानें तें २००९ सालीं ताशीं सव्वासात डॉलर ठरलें, आणि पुढें दीड दशक भाव वाढत असतांना तें तेथेंच उभें राहिलें.

याच काळांत कंपनीच्या पेन्शनचा पायही सरकूं लागला. १९७८ च्या करविषयक कायद्यांत '४०१-के' या क्रमांकाचें एक लहानसें कलम होतें. त्याचा आधार घेऊन कंपन्यांनीं ठराविक पेन्शन देण्याऐवजीं नोकराच्या नांवें खातें उघडून त्यांत पैसे टाकण्याची पद्धत पाडली; तो पैसा शेअरबाजारांत वाढो अथवा बुडो. पूर्वीं कंपनी म्हणे, 'तुला अमुक देऊं'. आतां ती म्हणते, 'तुझ्या खात्यांत अमुक टाकूं, पुढें तुझें नशीब.' २००१ सालीं एन्रॉन कंपनी बुडाली तेव्हां ज्या नोकरांनीं आपल्या खात्यांत त्याच कंपनीचे शेअर भरले होते, त्यांची नोकरी आणि म्हातारपण हीं दोन्ही एकदमच गेलीं. २००८ च्या आपत्तींत साठीच्या उंबऱ्यावरील लाखों लोकांनीं आपली शिल्लक वितळतांना पाहिली. आपल्याकडे मध्यवर्ती सरकारनें २००४ पासून आणि महाराष्ट्र सरकारनें २००५ च्या नोव्हेंबरपासून नव्या नोकरांस ठराविक पेन्शनऐवजीं खात्याची पद्धत लावली, आणि २०२३ च्या मार्चमध्यें महाराष्ट्रांतील सरकारी नोकर जुन्या पेन्शनसाठीं संपावर गेले, हें वाचकांस आठवत असेलच. हा प्रश्न परक्यांचा आहे असें समजून पान उलटण्याची सोय आपणांस आतां राहिलेली नाहीं.

अमेरिकेंतील फंडापुढें पुन्हां तोच पेंच उभा आहे. १९६० सालीं एका पेन्शनरामागें पांच भरणारे होते. आतां तीनही नाहींत. विश्वस्तांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें वृद्धांच्या पेन्शनची गंगाजळी २०३३ सालीं संपेल, आणि त्यानंतर चालू वर्गणींतून कबूल केलेल्या रकमेच्या सुमारें चार-पंचमांशच देतां येतील. फंड 'बुडणार' असें जें म्हटलें जातें तें खरें नाहीं. पण ज्याचें घर त्या एकाच धनादेशावर चालतें, त्याच्या ताटांतील पांचवी भाकरी जाणें ही लहान गोष्ट नव्हे. उपाय गूढ नाहींत. वय वाढवा, पेन्शन घटवा, कर वाढवा किंवा कराची मर्यादा उठवा. २०२४ सालीं १,६८,६०० डॉलरांच्या वरील पगारावर हा कर मुळींच नव्हता. म्हणजे सुतार, परिचारिका, शिक्षक बाराही महिने भरीत होते, आणि दहा लाख मिळविणारा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मोकळा होत होता. वय वाढविणें हें कागदावर सर्वांस सारखें दिसतें. परंतु कचेरींत बसणाऱ्याचें सदुसष्टावें वर्ष आणि छपरावर खिळे ठोकणाऱ्याचें सदुसष्टावें वर्ष हीं एक नव्हेत.

या नव्वद वर्षांच्या इतिहासांतून आमच्या मतें एक गोष्ट निर्विवाद निघते. म्हातारपणाचा धोका नाहींसा करण्याची युक्ति कोणत्याही राष्ट्राला सांपडलेली नाहीं. तो फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर जातो. शेतकरी बापाच्या काळीं तो मुलांनीं वाहिला, मग दरिद्रालयानें, मग कंपनीनें आणि सरकारनें. आणि आतां तो हळूहळू एकट्या माणसाच्या पाठीवर येऊन बसत आहे. एकट्याला तो पेलत नाहीं, हें १९२९ सालीं सिद्ध झालें होतें. एकटा मनुष्य आपण किती वर्षें जगणार हें जाणत नाहीं, बाजार केव्हां पडणार हेंही जाणत नाहीं. लाखों माणसांच्या सरासरीला मात्र या दोन्ही गोष्टी सोसतात. दया म्हणून दिलेली पेन्शन मालकाबरोबर गेली, शिपायांची पेन्शन त्या पिढीबरोबर गेली. परंतु ज्या योजनेंत प्रत्येकानें आपला एक टक्का भरला आणि प्रत्येकानें तिला आपली मानलें, ती तेरा-चौदा अध्यक्ष आले-गेले तरी उभी आहे. तिच्या भिंतींस चिरा गेल्या आहेत, आणि त्या कोणाच्या पैशानें बुजवावयाच्या हें तेथील मतदारांनीं ठरवावयाचें आहे. तें ठरवितांना त्यांनीं साउथ बेंडच्या त्या बावन्न वर्षांच्या कामगाराला डोळ्यांपुढें ठेविलें, तर त्यांचा निर्णय फारसा चुकणार नाहीं.